दोरीचं दुसरं टोक

कुत्रा लीश ओढतो म्हणून मला फोन येतात ते बहुतेक तो आठ-दहा महिन्यांचा झाल्यावर. त्याआधी ती कुणाला तक्रार वाटतच नाही. तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू पट्ट्याला झोंबत पुढे पळतं, तेव्हा अख्खं घर हसत त्याच्यामागे पळतं, व्हिडिओ काढतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतं. तेच पिल्लू तीस किलोंचं होतं आणि एका सकाळी घरातल्या बाईंना सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत फरफटत नेतं. मग फोन. "ताई, आमचा कुत्रा अजिबात ऐकत नाही हो."

ऐकत नाही असं नसतंच. गेले सहा महिने घरानं जे शिकवलं तेच तो मन लावून करत असतो.

पुण्यात घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवणं हा माझा धंदा. बस, थांब, ये, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारू नकोस, बेल वाजली की घर डोक्यावर घेऊ नकोस, हे सगळं शिकवते. त्यातलं सगळ्यात सोपं दिसणारं आणि सगळ्यात उशिरा जमणारं काम म्हणजे सैल लीशवर चालणं. 'बस' म्हटल्यावर बसायला कुत्रा एका संध्याकाळीत शिकतो. सैल लीशला महिने जातात, आणि त्यातला कुत्र्याचा वाटा थोडा, माणसांचा फार.

ओढण्यामागचा हिशेब सरळ आहे. कुत्र्याला समोरच्या खांबाचा वास घ्यायचाय. तो ओढतो. आपण नाखुशीनं का होईना, दोन पावलं पुढे जातो. खांब येतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली मांजरांना खटक्याच्या पेट्यांमध्ये कोंडून दाखवलं ते हेच, की ज्या हालचालीनं हवं ते मिळतं ती हालचाल जनावर पुन्हा करतं. त्या मांजरांना पेटीबाहेरचा खाऊ मिळायचा, आमच्या कुत्र्यांना खांब मिळतो. मालक तोंडानं "नो, नो, हळू" म्हणत असतात आणि त्याच वेळी त्यांचे पाय बक्षीस देत असतात. कुत्रा पायांवर विश्वास ठेवतो.

शिवाय माणसाच्या शेजारून माणसाच्या चालीनं चालणं हे मुळात त्याच्या अंगातलं नाही. आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, मोठ्या कुत्र्याची आरामाची दुडकी चालसुद्धा त्याहून वेगाची. त्यात नाक. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात काही जातींमध्ये तीस कोटींपर्यंत. काल रात्रीपासून त्या खांबापाशी कोण कोण येऊन गेलं, हे त्याला तिथे पोचायच्या आधीच कळायला लागलेलं असतं, आणि आपण ऑफिसला उशीर होतोय म्हणून त्याला पुढे खेचत असतो. ओढाओढ दोन्ही टोकांना चालते. तक्रार मात्र एकाच टोकाची येते.

फ्लॅटमधल्या पिल्लांची आणखी एक अडचण असते. पार्व्होच्या भीतीनं, लशीचे डोस पूर्ण होईपर्यंत, चारेक महिने पिल्लू खालीच उतरत नाही. भीती खरी आहे, पार्व्होनं पिल्लं जातात. पण स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली जे पुस्तक लिहिलं त्यात त्यांना दिसलेलं असं, की जगाशी ओळख करून घेण्याचा पिल्लाचा खास काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंतचा असतो. आमच्याकडे तो काळ सोफा आणि बाल्कनी यांच्यामध्ये संपतो. मग एके दिवशी लिफ्टचं दार उघडतं आणि स्कूटर, भाजीवाला, मांजर, वॉचमनची शिट्टी, क्लासला निघालेली पोरं, सगळं एकदम अंगावर येतं. असा कुत्रा उत्साही होतो म्हणजे काय होतो, तो गांगरलेला असतो आणि त्याचं गांगरणं आपल्याला नाचासारखं दिसतं. नवीन पिल्लू आणलेल्यांना मी सांगते, जमिनीवर ठेवू नका, पण कडेवर घेऊन रोज संध्याकाळी गेटपाशी जरा वेळ बसा. त्यानं नुसतं बघू दे.

मी हे काम ज्यांच्याकडे शिकले ते लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. मेरठला रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात त्यांनी कुत्री तयार केली होती. त्यांची पद्धत जुनी. साखळी आखूड, कुत्रा गुडघ्याच्या पुढे गेला की झटका. जर्मनीत कॉनराड मोस्ट यांनी १९१०च्या सुमारास पोलिसी कुत्र्यांसाठी जे शिक्षणशास्त्र लिहिलं, त्याची सावली या झटक्यावर आहे. मी झटका वापरत नाही. तरी गुरुजींना क्रूर म्हणणाऱ्यांशी मी भांडते. कुत्र्याला ताप आला की केनेलमध्ये त्याच्याशेजारी रात्र काढणारा माणूस होता तो. आणि त्यांची कुत्री खरोखरच पायाला चिकटून चालायची.

लोक त्याचं श्रेय साखळीला देतात. मी बारकाईनं बघत गेले तेव्हा मला दुसरंच दिसलं. तिथे एका कुत्र्यामागे एक माणूस असायचा. सकाळी खायला घालणारा तोच, ब्रश फिरवणारा तोच, फिरवणारा तोच, हुकूम देणाराही तोच. त्या कुत्र्याच्या आयुष्यात दोनच पाय होते आणि ते दोन पाय सकाळ-संध्याकाळ एकसारखे वागायचे. पुण्यातल्या घरात हेच पाय दहा-बारा असतात, आणि प्रत्येक जोडी आपल्या मनानं चालते.

सहकारनगरातल्या एका घरी मला हे सगळ्यात ठळक दिसलं, म्हणून त्या घराबद्दल जरा सविस्तर लिहिते. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, आजी, मुलगा, सून, सातवीतला नातू. शिवाय सकाळी कुत्रा फिरवायला येणारा पगारी मुलगा. कुत्रा फिकट बदामी रंगाचा लॅब्रॅडॉर, वर्षाच्या आतला, नाव पेढा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं शेपटीच्या एका फटक्यात चपलांच्या स्टँडवरच्या किल्ल्या खाली पाडल्या, माझ्याभोवती गोल गोल फिरून लीशनं माझेच पाय बांधले आणि मग खाली बसून माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघितलं.

आजोबांचं निदान तयार होतं. "अहो ताई, घरात मुख्य कोण आहे ते त्याला एकदा कळलं पाहिजे."

आतून आजी म्हणाल्या, "ते अजून तुम्हालाच कळलेलं नाहीये."

ही 'मुख्य कोण' गोष्ट मला प्रत्येक चौथ्या घरात ऐकू येते. तिचा उगम लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं १९४७ साली पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं टिपली. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकानं म्होरक्या लांडग्याची ती कल्पना घरोघरी नेली. पुढे जंगलातले कळप जवळून बघितल्यावर मेक यांनीच १९९९ साली लिहिलं, की असा कळप बहुतेक वेळा म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब असतं, आणि तिथे कुणी मारामारी करून म्होरक्या होत नाही. आजोबांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच." मग मला वाद घालायचं कारणच उरलं नाही. पेढा पुढे धावतो तो राज्य घ्यायला धावत नाही. त्याला दत्ताच्या देवळाबाहेरचा नारळाचा तुकडा हवा असतो.

पहिल्या दिवशी मी लीशला हात लावत नाही. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर टेकते आणि घरातल्या प्रत्येकाला कुत्रा घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत एक चक्कर मारून यायला सांगते. लोकांना हे विचित्र वाटतं. पैसे दिलेत आणि बाई नुसती बसलीये. पण माझं निम्मं काम त्या बसण्यात होतं.

आजोबा निघाले ते लीशचे दोन वेढे मनगटाला घेऊन. आखूड, ताठ. जाताना ताठ, येताना ताठ, उभे राहिले तरी ताठ. पेढा जरा मागे आला तरी आजोबांचा हात तेवढाच मागे येत होता. म्हणजे सैल लीश नावाची वस्तू जगात असते हे त्या कुत्र्याला कळायची सोयच नव्हती. (मनगटाला वेढे घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ते सोडायला लावते. तीस किलोंचा कुत्रा मांजरामागे सुटला तर मनगट मोडायला एक हिसका पुरतो.) मुलगा कानाला फोन लावून गेला. पेढा ओढेल तिकडे तो, आणि मधूनच, फोनवरच्या माणसाला "एक मिनिट" म्हणून, पेढ्यावर एकदा जोरात ओरडणं. कशासाठी ओरडला ते पेढ्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही. नातवाचा तर प्रश्नच नव्हता. गेटबाहेर पडल्या पडल्या दोघांनी शर्यत लावली.

सूनबाई सगळ्यात हुशारीनं वागत होत्या आणि त्यांची गंमत सगळ्यात गुंतागुंतीची होती. त्यांच्या खिशात बिस्किटं होती. पेढा ओढायला लागला की त्या बिस्किट दाखवायच्या, तो वळून यायचा, बिस्किट खायचा, पुन्हा सुसाट. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की पेढा ओढता ओढता मध्येच आपणहून थांबून मागे बघतोय. बिस्किट काढायला उशीर का होतोय, एवढंच त्याला विचारायचं होतं. ओढायचं, मग वळायचं, मग खायचं, असा तीन पायऱ्यांचा खेळ त्यानं मांडला होता आणि पहिली पायरी ओढण्याची होती.

सकाळच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्याच्या हातात एकदम तीन कुत्री, पेढा मधला. तिघं मिळून ओढत होती आणि तो टाचा रोवून, मागे रेलून, मध्ये मध्ये मोबाइलवर वेळ बघत चालला होता. त्याला दर कुत्र्यामागे पैसे मिळतात आणि साडेआठच्या आत सगळी कुत्री घरी पोचवायची असतात. तो थांबत नाही यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

आजी पेढ्याला फिरवत नसत, त्यांचे गुडघे दुखतात. पण त्या पोळ्या लाटत असताना पेढा स्वयंपाकघराच्या दारात बाहेरच्या बाजूला पंजे जुळवून बसलेला असायचा. शेपटी हलत नव्हती, आवाज नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "आत पाय टाकला तर पोळी नाही. पहिल्या दिवसापासून नाही." पाहुणे असोत, सणवार असो, पेढ्यानं केविलवाणं तोंड केलेलं असो, पाय आत आला की पोळी बंद, बाहेर गेला की चतकोर तुकडा. त्या घरात कुत्र्याला सगळ्यात चांगलं शिकवणारी व्यक्ती लीश कधी हातातच घेत नव्हती. सगळ्यांना समोर बसवून मी एवढंच म्हटलं, की आजी दारात जे करतात ते आपल्याला रस्त्यावर करायचंय.

बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं घेऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं ते मला इथे रोज लागतं. कळ दाबली की दर वेळी दाणा, असं असेल आणि दाणा बंद झाला, तर जनावर लवकरच कळीचा नाद सोडतं. कधी मिळतो कधी नाही, असं ठेवलं तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ कळ दाबत राहतं. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. रोज हरणारा माणूस मटका सोडतो, महिन्यातून एकदा लागणारा सोडत नाही. आजोबा थांबले, सूनबाई थांबल्या, मुलगासुद्धा थांबला आणि संध्याकाळी नातू पळाला, तर पेढ्याचा आकडा लागला. मग तो आणखी चिकाटीनं ओढणार. घरातल्या एकानंच नियम मोडला तर नुकसान त्याच्या वाटणीपुरतं राहत नाही. बाकीच्यांनी थांबून थांबून जे कमावलं असतं ते त्यात जातं, आणि वर ओढण्याची सवय आधीपेक्षा चिवट होते.

त्यांच्या घरच्या ग्रुपवर मी एकच ओळ टाकली. लीशला झोळ दिसला की पाय सुरू, झोळ गेला की पाय बंद. रागवायचं नाही, खेचायचं नाही, बोलायचंही नाही. पुतळ्यासारखं उभं राहायचं. पेढा गोंधळून मागे बघेल, अर्धं पाऊल मागे येईल, लीश खाली लोंबेल, त्या क्षणी चालायला लागायचं. कितीही वेळ लागला तरी.

सुरुवात रस्त्यावर नाहीच केली. पहिले काही दिवस हॉलमध्ये, तेही लीशशिवाय. पेढा आपणहून डाव्या पायाशी आला की पँटच्या शिवणीपाशी, खाली, खाऊ. समोर हात करून द्यायचा नाही, नाहीतर तो पुढे येऊन आडवा चालायला लागतो. मग जिना आणि मधला बोळ, मग पार्किंग, मग गेटच्या आतली बाजू. गेटबाहेरचा रस्ता फार नंतर. मधल्या काळात त्याची दमणूक कशी व्हायची, असं मुलानं विचारलं. त्यावर मी त्याला घरात खाऊ शोधायचे खेळ दिले, टॉवेलात गुंडाळलेलं खाणं, खोक्यात लपवलेलं खाणं. नाकाला काम मिळालं की लॅब्रॅडॉर चालण्याइतकाच दमतो.

खाऊवरून एक प्रकरण झालंच. माझ्या कमरेच्या पाउचमध्ये उकडलेलं चिकन असतं, त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. आजींनी वास घेतला. "त्यात काय आहे ग?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी मी गेले तेव्हा दाराबाहेर एक वेगळा खिळा ठोकलेला होता, माझं पाउच टांगायला. त्या घरात पेढा पनीरवर शिकला. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत एवढं पुरतं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं की जवळपास पाव लॅब्रॅडॉरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि अशी कुत्री खाण्यासाठी जास्त हपापलेली असतात. बीगलवाल्यांना मी हे सांगत नाही, त्यांना उगाच हेवा वाटतो. बीगलचं नाक जमिनीला लागलं की पनीर काय, बिर्याणी दाखवली तरी वर बघत नाही.

खरी लढाई दारात होती. लीश खुंटीवरून काढली की पेढा गरगरायला लागायचा. तशा अवस्थेत त्याला बाहेर काढलं की पुढची सगळी चक्कर त्याच तारेत. मी लीश पुन्हा खुंटीला अडकवून खाली बसायचे, चहा घ्यायचे. तो शांत झाला की पुन्हा उठायचं. पुन्हा गरगर, पुन्हा खुंटी. त्या घरी मी फार चहा प्यायले. शेवटी लीश काढल्यावर तो धप्पकन खाली बसायला लागला तेव्हा सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि तो पुन्हा गरगरला.

गेटबाहेर पडल्यावर खाऊपेक्षा मोठं बक्षीस वापरलं, ते म्हणजे त्याला जे हवं होतं तेच. झोळ ठेवून काही पावलं चालला की "जा, हुंग", आणि त्याच्या मागोमाग खांबापाशी जायचं, त्याचा वास घेऊन होईस्तोवर उभं राहायचं. आजोबांना हे फार आवडलं. त्यांना तसंही देवळापाशी उभं राहून गप्पा मारायच्या असत. मुलाला आवडलं नाही, कारण चक्कर लांबत नाही आणि वेळ मात्र लांबतो. कुत्र्याला फिरवणं म्हणजे किलोमीटर संपवणं, हे त्याच्या डोक्यातून काढायला पेढ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मग एक दिवस त्याचाच फोन आला. "ताई, वाढलंय. आज तर तो रस्त्यात आडवा पडला, भुंकला, खोकेपर्यंत ओढलं." मी वाटच बघत होते या फोनची. जी युक्ती कायम चालायची ती चालेनाशी झाली की जनावर सोडण्याआधी ती दुप्पट जोरानं करून बघतं. माणूसही बंद पडलेल्या लिफ्टचं बटण आधी जोरजोरात दाबतो. याच दिवसांत घरं हरतात. लोक म्हणतात, ही पद्धत आमच्या कुत्र्याला लागू नाही, आणि पाय सोडतात. तेव्हा कुत्रा शिकतो की ओढण्याचा भाव वाढलाय, आता इतकं ओढावं लागतं. मी त्याला म्हटलं, आठवडाभर कळ काढा, ऑफिसला उशीर होणार असेल तर गेटच्या आतच फिरवा, पण ताणलेल्या लीशवर एक पाऊल टाकू नका.

खोकण्याबद्दल मात्र मी लगेच गेले. घरच्यांनी कुठल्याशा दुकानातून चोक चेन आणली होती, ती पहिल्याच दिवशी काढून ठेवली होती, पण साधा पट्टाही ताणला की गळ्यावरच येतो. २००६ सालच्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात कुत्र्यांना ओढायला लावून डोळ्यांतला दाब मोजला होता. गळ्यात पट्टा असताना तो वाढत होता, हार्नेसवर तसा वाढत नव्हता. पग किंवा डोळे नाजूक असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना मी हे आवर्जून सांगते. मग सगळ्यांनी हार्नेसच का घालू नये? कारण पाठीवर कडी असलेला हार्नेस ओढायला फार सोयीचा पडतो. बर्फावर घसरगाड्या ओढणाऱ्या हस्कींना हार्नेसच घालतात, भार छातीवर पसरावा म्हणून. शिकेपर्यंत पेढ्याला मी छातीवर कडी असलेला हार्नेस दिला. त्यात ओढलं की कुत्रा आपोआप बाजूला वळतो. ते औषध नाही, कुबडी आहे, पण कुबडीनं पाय बरा व्हायला वेळ मिळतो. आपोआप लांब होणारी ती चक्रीची लीश मात्र मी कुणाच्याच हातात ठेवू देत नाही. तिच्यात ओढलं की दोरी वाढते, म्हणजे ओढण्याचा पगार थेट मशीनच देतं.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. ती तिथेच राहणार आहेत. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या सरकारच्या २०२३च्या नियमांप्रमाणेही नसबंदी आणि लस झाली की त्यांना होती तिथेच परत सोडायचं असतं. त्यामुळे आपल्या कुत्र्याला त्यांच्यासकट चालता यायला हवं. देवळाजवळ तिघांची टोळी होती. पेढा त्यांच्याकडे प्रेमानंच झेपावायचा, पण लीश ताणली की त्याची छाती वर यायची, पुढचे पाय हवेत, डोळे समोर रोखलेले. कुत्र्यांच्या रीतीत हे उद्धटपणाचं लक्षण. सुटी कुत्री एकमेकांना भेटतात ती वळसा घेऊन, बाजूनं, नजर चुकवत. टुरिड रुगास या नॉर्वेच्या शिक्षिकेनं कुत्र्यांच्या अशा खुणांवर लिहिलंय, आणि एक अख्खं पुस्तक तर नुसतं ओढण्यावर लिहिलंय. आम्ही काय केलं, तर टोळी लांबून दिसली की रस्ता ओलांडायचा, अर्धगोल घ्यायचा आणि मूठभर पनीर जमिनीवर टाकायचं. पेढ्याचं नाक खाली, लीश सैल, समोरच्यांना त्याची पाठ दिसते. काही दिवसांनी त्या टोळीनं त्याच्याकडे बघणंही सोडलं. मला वाटतं, त्यांनाही तो आता नीट वागणारा वाटत असावा.

मध्ये एप्रिल-मे आला आणि सगळं रेंगाळलं. सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर, एवढ्याच चकरा. हाताची मागची बाजू डांबरावर काही सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे पंजेही टेकवू नयेत. संध्याकाळी सहाला 'आता ऊन उतरलं' म्हणून निघणारे लोक आभाळाकडे बघतात, रस्त्याला हात लावून बघत नाहीत.

याच सुमारास बाणेरच्या एका घरात कारवान जातीची मादी होती. तिथलं काम अगदी वेगळं. ती वासामागे जात नसे, नजरेमागे जायची. ससा-हरणांमागे धावण्यासाठीच दख्खनच्या माळावर वाढलेली जात ती. पन्नास पावलं झोळ ठेवून राणीसारखी चालायची आणि मांजर दिसलं की उभ्या जागेवरून बाणासारखी. त्यात या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा कानांवरून निसटतो. तिला मागे झाल्यावर जरासा आवळणारा मार्टिंगेल पट्टा दिला आणि बाईंना मांजर आपण आधी बघायला शिकवलं. त्या घरात एकटी बाईच राहते. कुत्री लवकर शिकली. दोनच पाय होते.

सहकारनगरात शेवटी अडलं ते नातवावर. तो थांबायला तयार नव्हता, आणि मला त्याचं पटत होतं. दिवसातून एकदा कुत्र्याबरोबर पळता आलं नाही तर सातवीतल्या मुलानं कुत्रा पाळायचा कशाला? म्हणून दोन पोशाख केले. गळ्यात पट्टा असला की झोळ ठेवून चालायचं. पाठीवर कडी असलेला लाल हार्नेस घातला की टेकडीवर पळायचं, ओढायचं, वाटेल ते करायचं. लाल हार्नेस फक्त नातवाचा, तो दुसऱ्या कुणी घालायचा नाही. कुत्र्यांना असा भेद चटकन कळतो, घरच्यांनी तो पाळला तर. पेढ्याला तो कळला. आता लाल हार्नेस दिसला की तो तळजाईच्या दिशेनं तोंड करून उभा राहतो आणि आजोबांनी पट्टा काढला की म्हातारा झाल्यासारखा चालतो.

राहिला सकाळचा मुलगा. त्याला मी वेगळं भेटले. त्याच्या वेळेचं गणित मी बदलू शकत नव्हते, म्हणून घरच्यांना म्हटलं, पेढ्याला एकट्याला न्यायचे पैसे द्या. त्यांनी दिले. मुलगा थांबायला शिकला, कारण थांबलं की खांदा दुखत नाही हे त्याला दोन दिवसांत कळलं. नंतर त्यानं मला न विचारता तेच बाकीच्या कुत्र्यांवर सुरू केलं, आधी एकेकावर, मग जोडीवर. त्याच सोसायटीतल्या तिघांनी माझ्याकडे नाव नोंदवून ठेवलं होतं. एकेकाचा फोन आला, ताई, आमचा आता ओढत नाही, आपोआपच सुधारला, सध्या नको. मी त्या मुलाला भेटून म्हटलं, तू माझी तीन गिऱ्हाइकं घालवलीस. तो म्हणाला, "तुम्ही घ्या ना मला हाताखाली." पावसाळ्यापासून तो माझ्याबरोबर येतो. लिफ्टमध्ये कुत्रा कसा उभा करायचा ते त्याला अजून जमत नाही, आणि पार्किंगमध्ये बसून नुसतं बघायचं म्हटलं की त्याला झोप येते.